पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर ब्रह्मपुरी, सावली, वडसा, आरमोरी या पट्ट्यातले लोक अजून विसरलेले नाहीत. रोवणी आटोपून काही आठवडे झाले होते, धानाला फुटवे आले होते, आणि बघता बघता नदीकाठच्या बांध्या दिसेनाशा झाल्या. नदीच्या वेढ्यात वसलेल्या लाडजसारख्या गावातून माणसे बाहेर काढावी लागली. पाणी ओसरल्यावर बांधीत उरला तो गाळ आणि त्याखाली कुजलेले धान.

हे पाणी आले कुठून? वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्या वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला, शिवनीतल्या संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले, मग भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाची सगळी ३३ दारे उघडली गेली आणि ते सारे पाणी खाली चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवर उतरले. स्थानिक पाऊसही होताच, पण बांध्या बुडवल्या त्या मुख्यतः वरच्या पावसाने. आता समजा, सावली तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा विमा त्याच्या मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या आकड्यावर बेतलेला असता. यंत्राने तिथे पडलेला पाऊस अचूक नोंदवला असता, आणि त्या अचूक आकड्याचा शेतकऱ्याच्या नुकसानीशी फारसा संबंध नसता.

पिकाचा विमा हवामानावर बेतण्यातली मूळ अडचण हीच आहे. यंत्र एका जागी असते, शेत दुसऱ्या जागी. विमा क्षेत्रातले लोक या तफावतीला ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. नाव अवघड असले तरी अनुभव ओळखीचा आहे: शेजारच्या मंडळाला पैसे मिळाले आणि आपल्याला नाही, किंवा आपले गेले आणि कागदावर काहीच गेले नाही. ही तफावत उपग्रहांच्या मदतीने कितपत भरून निघू शकते, हे पाहण्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे चांगले आहेत. कारण जे इथे जमेल ते बहुतेक ठिकाणी जमेल. इथे जंगल आहे, डोंगर आहे, चार महिने ढग आहेत, शेते लहान आहेत आणि मुख्य पीक धान आहे, म्हणजे ज्या पिकाला पाणी हवेच असते असे पीक.

हवामानावर विमा बेतण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी शंभर वर्षांपूर्वी पावसावर आधारित शेती विम्याची योजना मांडली होती. त्यांचे पुस्तक १९२० सालचे आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. प्रत्येक शेतात जाऊन नुकसान मोजणे परवडणार नाही, त्यात भांडणे होतील आणि लबाडीही होईल. त्यापेक्षा पर्जन्यमापकाचा आकडा ठरावीक रेषेच्या खाली गेला की सर्वांना पैसे द्यावेत. ती योजना कागदावरच राहिली. पुढे १९७०च्या दशकात पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी दुसरी वाट दाखवली: पाऊस मोजण्याऐवजी उत्पन्न मोजा, पण ते एकेका शेतकऱ्याचे नको, एका सलग भागाचे मोजा. देशात १९८५ पासून आलेल्या पीक विमा योजना दांडेकरांच्या याच वाटेने गेल्या. पावसावरचा विमा २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरमध्ये प्रयोग म्हणून आला आणि २००७ मध्ये सरकारी योजना झाला.

आज महाराष्ट्रात हवामान आधारित विमा प्रामुख्याने फळपिकांना आहे: संत्रा, मोसंबी, डाळिंब, आंबा, काजू वगैरे. धानाला २०१६ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना लागू होते, आणि ती उत्पन्नावर चालते. महसूल मंडळात ठरावीक संख्येने पीक कापणी प्रयोग करायचे, त्यावरून मंडळाचे सरासरी उत्पन्न काढायचे, आणि ते उंबरठ्याच्या खाली गेले तर भरपाई. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि तिचा सत्तर टक्के भाग.

हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा. एका मंडळात दहा गावे आहेत, सगळीकडे धानाचे क्षेत्र सारखे आहे आणि नेहमीचे उत्पन्न हेक्टरी वीस क्विंटल आहे असे धरू. उंबरठा झाला चौदा. यंदा नदीकाठची दोन गावे पूर्ण बुडाली, तिथे उत्पन्न शून्य. उरलेल्या आठ गावांत वीस. मंडळाची सरासरी आली सोळा. सोळा हे चौदापेक्षा जास्त आहे, म्हणून कोणालाच काही नाही. बुडालेल्या दोन गावांनाही नाही. या गणितात कोणी लबाडी केलेली नाही, यंत्र बिघडलेले नाही, कापणी प्रयोग चुकलेला नाही. दहा गावांच्या सरासरीने दोन गावांचा पूर पुसून टाकला, एवढेच.

म्हणून योजनेत पूर्वी काही जोडकलमे होती: स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान. हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीच्या कलमाखाली अपेक्षित उत्पन्न निम्म्याहून खाली जाईल असे दिसले की पंचवीस टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम देता येत असे. २०२३च्या ऑगस्टमध्ये, जो देशाच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, राज्यात अनेक ठिकाणी याच कलमाचा आधार घेतला गेला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात विमा सुरू केला. सरकारी आणि बिगरशेती जमिनींवरही विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली, वाद झाले आणि २०२५च्या खरिपापासून ती योजना बंद होऊन शेतकऱ्याचा दोन टक्के हप्ता परत आला. त्याबरोबर जोडकलमेही गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांपुरती उरली. कापूस-सोयाबीनच्या सपाट मुलखात सरासरीने होणारा अन्याय कमी असेल. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावतीच्या काठच्या धानाला तो मोठा आहे, कारण इथला पूर पट्ट्यापट्ट्याने येतो.

मग उपग्रह काय करू शकतो? पहिले काम पावसाचे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि तालुके बारा. म्हणजे सरासरी तालुका बाराशे चौरस किलोमीटरचा. राज्याच्या महावेध प्रकल्पाने २०१७ पासून महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली, ही मोठी प्रगती खरी. पण एटापल्ली-भामरागडच्या डोंगरात एका मंडळात किती दऱ्या येतात हे नकाशा पाहिला की कळते. एका दरीत कोसळलेली सर पलीकडच्या दरीत पोचत नाही. यंत्राभोवती झाड वाढले, त्याच्या सौरपट्टीवर पालापाचोळा साचला, मोबाइलची रेंज गेली, की त्या आठवड्याची नोंद संशयास्पद होते.

उपग्रह पाऊस दोन तऱ्हेने अजमावतात. आपले इन्सॅट मालिकेतले उपग्रह (त्यातला इन्सॅट-३डीएस २०२४ मध्ये गेला) ढगाच्या माथ्याचे तापमान पाहतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि सहसा पाऊस जास्त. अमेरिका आणि जपान यांच्या २०१४ मधल्या ‘जीपीएम’ मोहिमेचे उपग्रह सूक्ष्मलहरींनी ढगाच्या पोटातले थेंब आणि हिमकण टिपतात. या सगळ्याची सांगड घालून दर अर्ध्या तासाचा पाऊस सुमारे दहा किलोमीटर लांब-रुंद चौकटींत मिळतो. तो अंदाज असतो, मोजणी नव्हे. फार जोराचा पाऊस उपग्रहाला बरेचदा कमी दिसतो, डोंगरावरचा उथळ ढगांचा पाऊस कधी कधी दिसतच नाही. म्हणून जमिनीवरच्या यंत्रांची जागा उपग्रह घेऊ शकत नाहीत. दोन यंत्रांमधली मोकळी जागा मात्र ते भरू शकतात, आणि एखादे यंत्र खोटे बोलू लागले तर तेही उघडे पाडू शकतात. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत प्रत्येक तालुक्याला हवामान केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक असे उद्दिष्ट ठेवले आहे. तेही हवेच.

पण सुरुवातीला सांगितलेली अडचण पावसाच्या नोंदीने सुटत नाही. पाऊस शिवनीत पडतो आणि धान सावलीत बुडते. भामरागडचेही तसेच: पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमापाशी वसलेले हे गाव छत्तीसगडच्या डोंगरांतून येणाऱ्या पाण्याने दरवर्षी तुटते. इथे पावसापेक्षा पाणी पाहणे गरजेचे आहे, आणि तेही ढगांतून. ऑगस्टमध्ये साध्या, म्हणजे कॅमेऱ्यासारख्या उपग्रहाने गडचिरोलीचे चित्र घेतले तर हाती बहुतेक वेळा पांढरे ढग येतात.

याला उत्तर रडारचे. युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेतले उपग्रह २०१४ पासून, आणि इस्रोचा ईओएस-०४ हा २०२२ पासून, स्वतः लहरी सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी नोंदवतात. सेंटिनेलच्या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. तिला ढग आडवा येत नाही आणि रात्रही अडवत नाही. शांत पाण्यावर ही लहर आरशावर पडल्यासारखी दुसरीकडेच निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून चित्रात पाणी काळे दिसते. उभे पीक, झाडे, घरे लहरी परत फेकतात, म्हणून ती उजळ दिसतात.

धानाच्या बाबतीत इथे एक गंमत होते. रोवणीसाठी चिखलणी करून बांधीत पाणी साठवले की ती बांधी रडारला काळी दिसते. पऱ्हे रोवल्यावर, जसजसे फुटवे येतात आणि धान उंच होते तसतशी ती उजळत जाते. हा काळ्याकडून उजळाकडे जाणारा आलेख धानाचा स्वतःचा आहे. कापसाचा, तुरीचा किंवा पडीक जमिनीचा तसा नसतो. म्हणून रडारच्या ओळीने घेतलेल्या चित्रांवरून धान कुठे लावले, आणि मुख्य म्हणजे रोवणी कधी झाली, हे बऱ्यापैकी सांगता येते. मामा तलाव आणि बोड्या उशिरा भरल्या म्हणून रोवणी ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबली की उत्पन्न घटते, हे नागभीड-सिंदेवाहीच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ते आता आकड्यांतही मांडता येते.

पण याच गोष्टीमुळे पूर ओळखणे अवघड होते. जुलैतला काळा डाग म्हणजे रोवणी आणि ऑगस्टअखेरचा काळा डाग म्हणजे पूर. एकटे चित्र पाहिले तर दोन्ही सारखेच. बांधीत पाणी असणे हे नुकसान नाहीच. ते धानाच्या डोक्यावरून जाणे हे नुकसान आहे, आणि तेही किती दिवस राहिले यावर अवलंबून आहे. बहुतेक वाण पूर्ण बुडून आठवडा-दहा दिवस राहिले तर मरतात. पूर सहन करणारे जनुक घालून तयार केलेले ‘स्वर्णा-सब१’सारखे वाण दोन आठवडे तग धरते. म्हणजे विम्याला लागणारी माहिती ‘पाणी होते का’ एवढी नाही. उजळ झालेली बांधी पुन्हा काळी झाली का आणि किती दिवस काळी राहिली, हे कळायला हवे. एक सेंटिनेल उपग्रह त्याच जागी त्याच मार्गाने बारा दिवसांनी येतो. तीन दिवसांचा पूर दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणूनच एकाच्या भरवशावर न राहता दोन-तीन रडार उपग्रहांची चित्रे आणि नदीवरच्या मोजणी केंद्रांतली पातळी एकत्र वाचावी लागते. पूर ओसरल्यावर राहिलेला गाळ पुढे आभाळ मोकळे झाले की साध्या कॅमेऱ्यालाही दिसतो. तो पुरावा वाया घालवू नये.

किती बारीक दिसते, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. युरोपच्याच सेंटिनेल-२ या कॅमेरा-उपग्रहांचा एक ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात, एक गुंठा म्हणजे एक ठिपका. एका एकराचे चाळीस ठिपके होतात, ते पुरेसे वाटतात. पण इकडची बांधी अनेकदा पाच-दहा गुंठ्यांची, वाकडीतिकडी, मधे पाळ, पाळेवर तूर, कडेला मोह किंवा येनाचे झाड. पाच गुंठ्यांच्या बांधीतले बहुतेक ठिपके कडेचे निघतात, आणि कडेच्या ठिपक्यात थोडे धान, थोडी पाळ, थोडी झाडाची सावली असते. रडारची चित्रे याहून ढोबळ आणि कणीदार असतात. एका शेतकऱ्याची एक बांधी उपग्रहावरून तपासण्याचा दावा कोणी केला तर तो सावधपणे घ्यावा. गाव किंवा ग्रामपंचायत ही पातळी मात्र आवाक्यात आहे, आणि मघाच्या हिशेबातली दोन बुडालेली गावे आठ कोरड्या गावांपासून वेगळी काढायला तेवढे पुरते.

हे जगात कुठे झाले आहे का? झाले आहे, आणि आपल्याच देशात. तमिळनाडूत कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेसह काही भागीदारांबरोबर २०१२ नंतर ‘राइस’ नावाचा प्रकल्प चालवला. रडार चित्रांवरून गावागावांतली भातलागवड आणि उत्पन्नाचे अंदाज काढले गेले. २०१६च्या अखेरीस तिथला ईशान्य मोसमी पाऊस मोठ्या प्रमाणात बुडाला, तेव्हा कोणत्या गावांत लावणीच होऊ शकली नाही हे ठरवायला ही माहिती विम्याच्या कामी आली. बिहारमध्ये मुझफ्फरपूर जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने २०१७ पासून पूर निर्देशांकावरचा विमा छोट्या प्रमाणात करून पाहिला: पाण्याची खोली आणि पाणी किती दिवस राहिले हे पुराच्या गणिती प्रतिरूपावरून आणि उपग्रहावरून ठरवायचे आणि त्यावर पैसे द्यायचे. तिथेही भातशेती, तिथेही दुसऱ्या मुलखातून येणारे पाणी. वैनगंगेच्या काठाला याहून जवळचा नमुना सापडणार नाही.

आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. नागपुरात १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राज्याच्या महाॲग्रीटेक प्रकल्पात पिकांच्या उपग्रह-नकाशांचे काम झाले आहे. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराच्या काळात रडार चित्रांवरून पाण्याखालच्या भागांचे नकाशे तयार करते आणि ते भुवन संकेतस्थळावर पाहता येतात. सिंदेवाहीला धान संशोधन केंद्र आहे. २०२३च्या खरिपापासून केंद्राने ‘यस-टेक’ पद्धत आणली, तिच्यात भात आणि गव्हाचे विम्यासाठीचे उत्पन्न ठरवताना किमान तीस टक्के वजन उपग्रह आणि गणिती प्रतिरूपांवरून काढलेल्या आकड्याला द्यायचे आहे. पुढे त्यात सोयाबीन आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ‘उपग्रहाने उत्पन्न मोजले’ असे सर्रास म्हटले जाते. उपग्रह उत्पन्न मोजत नाही. तो हिरवेपणा मोजतो, प्रतिध्वनी मोजतो, तापमान मोजतो. त्यावरून लोंबीत किती दाणे भरले हे सूत्र सांगते, आणि ते सूत्र कुठल्या तरी शेतातल्या खऱ्या कापणीवर बसवलेले असते. ज्या सूत्राची घडण सपाट, सिंचनाच्या, एकाच वाणाच्या शेतांवर झाली ते कोरचीच्या उतारावरच्या आवत्या धानाला, म्हणजे रोवणी न करता फेकून पेरलेल्या धानाला, लागू पडेलच असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एका वेगळ्या लोंबीवरून ‘एचएमटी’ धान घडवले. बारीक दाण्याचे ते वाण आणि जाड दाण्याचे हलके धान आभाळातून सारखेच हिरवे दिसते. म्हणून कापणी प्रयोग बंद करून चालणार नाही. ते कुठे करायचे हे उपग्रहाने दाखवावे: बुडालेल्या पट्ट्यात किती, उशिरा रोवलेल्यात किती, चांगल्यात किती. आज प्रयोगासाठी गाव निवडताना पूर कुठे आला याचा विचार आधीपासून नसतो.

आणि काही नुकसान उपग्रहाला दिसतच नाही. तुडतुडा धानाच्या बुंध्याशी बसतो. वरून शेत हिरवे असते, आणि जळाल्यासारखे गोल चट्टे आभाळातून दिसेपर्यंत फवारणीची वेळ गेलेली असते. कापून बांधीत पसरलेल्या कडपांवर नोव्हेंबरचा पाऊस पडला तर दाणा पाखर होतो, पण चित्रात पीक कापलेलेच असते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत तीन-चार गुंठे लोळवून जातो, म्हणजे तीन-चार ठिपके. २०२१च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेले रानटी हत्ती धानाच्या पुंजण्यांपर्यंत येतात. जंगलाला लागून असलेल्या शेताचे हे रोजचे दुखणे आहे आणि त्यावर उपाय जमिनीवरचाच: पंचनामा, फोटो, शेजाऱ्याची साक्ष.

या बाबतीत एक बदल नोंदवण्यासारखा आहे. २०१८ मध्ये धान पाण्याखाली जाण्याचे नुकसान स्थानिक आपत्तीच्या यादीतून वगळले गेले होते. बुडालेल्या पिकाचे मोजमाप कठीण, हे त्याचे एक कारण दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ते परत घेतले आणि सोबत वन्यप्राण्यांनी केलेले नुकसानही विम्यात आणण्याचे जाहीर केले, २०२६च्या खरिपापासून. कोणते जिल्हे, कोणते प्राणी हे राज्यांनी अधिसूचित करायचे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली त्या यादीत सर्वांत वर असायला हवेत, यात दुमत होऊ नये.

पण अट पाहा. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत शेतकऱ्याने पीक विमा ॲपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचे. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली आहे, वीज गेली आहे, मनोऱ्याची बॅटरी संपली आहे, आणि ज्या बांधीचा फोटो काढायचा ती कमरेइतक्या पाण्यात आहे. मुंबई-दिल्लीत ७२ तास भरपूर वाटतात. भामरागडमध्ये पूर ओसरायलाच कधी कधी तेवढे लागतात. म्हणजे ज्याचे नुकसान सर्वांत मोठे, त्याला कळवणे सर्वांत अवघड.

उपग्रहाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. रडारच्या चित्रात एखाद्या ग्रामपंचायतीतले धान ठरावीक दिवसांहून जास्त काळ पाण्याखाली दिसले, की तिथल्या सर्व विमाधारकांची सूचना आली असे धरावे, कोणी फोन करो वा न करो. शेतकऱ्याने पूर सिद्ध करण्याऐवजी कंपनीने पूर नव्हता हे दाखवावे. ७२ तासांची अट मग ज्या नुकसानीला आभाळातून पाहता येत नाही तेवढ्यासाठी, म्हणजे डुकरासाठी, हत्तीसाठी उरेल. यासाठी नवा उपग्रह लागत नाही, नियमातल्या काही ओळी बदलाव्या लागतात.

त्याला जोडून दुसरी गरज आहे ती नकाशा गावाला दाखवण्याची. आज यंत्राचा आकडा निदान विचारता येतो. उपग्रहाचा आकडा कुठल्या तरी सर्व्हरमधून येतो, सूत्र कोणाचे, चित्र कोणत्या तारखेचे, हे ग्रामसभेला कळत नाही. ज्या उपग्रहाने खोटा विमा पकडता येतो त्याच उपग्रहाने खरा दावाही नाकारता येतो. ‘तुमच्या शेतात धानच नव्हते’ असे उत्तर आले तर शेतकऱ्याने काय दाखवायचे? ई-पीक पाहणीतली नोंद, रोवणीच्या दिवशी बांधीत उभे राहून काढलेला फोटो, बियाण्याची पावती. वनहक्काचे पट्टे मिळालेल्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी: सीमा नकाशावर नीट उतरली नसेल तर उपग्रहाच्या हिशेबात ते शेत जंगलाचा भाग ठरते. हे धोके विज्ञानाचे नाहीत, नोंदींचे आहेत. पैसा मात्र त्यांच्यापायीच अडकतो.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह गेला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाच्या लहरी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या आहेत. एवढी लांब लहर पानांमधून आत शिरते, खालच्या पाण्यावर आपटून खोडावर आदळते आणि जोरात परत येते. म्हणून झाडांखाली साचलेले पाणी निसारच्या चित्रात काळे न दिसता लखलखीत उजळ दिसते. जंगलात शिरलेला पूर आणि मोहाच्या झाडांमधल्या बांध्या आजवरच्या उपग्रहांना नीट दिसत नव्हत्या, त्या यामुळे दिसू शकतील. निसारही बारा दिवसांनी फेरी पूर्ण करतो आणि त्याची माहिती खुली ठेवण्याचे धोरण आहे. सेंटिनेल, ईओएस-०४ आणि निसार यांच्या तारखा एकमेकांत गुंफल्या तर येत्या पावसाळ्यांत पर्लकोटेचा किंवा वैनगंगेचा पूर निदान एकाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता बरीच वाढते.

तोवर शेतकऱ्याच्या हाती आहे ते असे: विम्याची मुदत, जी खरिपाला सहसा जुलैअखेरच्या आसपास असते, चुकवू नये, ई-पीक पाहणी स्वतः करावी, रोवणी, निसवणे आणि कापणी या तिन्ही वेळी एकाच जागी उभे राहून फोटो काढावा, मागे ओळखता येईल असे झाड किंवा मंदिर यावे, आणि नुकसान झाल्यास ॲप चालत नसेल तर १४४४७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर वहीत तारखेसह लिहून ठेवावा. रेंज नसेल तर तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि रेंज केव्हा परत आली तेही त्याच वहीत टिपावे.